विश्लेषण : एक पान हरवले तर 119 निरुपयोगी? जुन्या गंजिफांच्या संग्रहात नेमके काय जपायचे?

जुन्या वाड्याची आवराआवर सुरू असते. माळ्यावरच्या ट्रंकेत एक छोटी लाकडी पेटी सापडते. सरकते झाकण बाजूला केले की आत एकावर एक रचलेल्या रंगीत गोल चकत्या दिसतात. कुणावर मासा, कुणावर कासव, कुणावर परशू. कुणाला ती देवाची चित्रे वाटतात, कुणाला लहान मुलांची खेळणी. चार-दोन चकत्या फ्रेममध्ये जातात, काही भाचरांच्या हाती लागतात आणि उरलेल्या जुन्या बाजाराची वाट धरतात.

या चकत्या म्हणजे गंजिफा. हाताने रंगवलेले पत्ते. सावंतवाडीच्या गंजिफांमुळे हे नाव महाराष्ट्रात अनेकांच्या कानावर आहे. पण ती चित्रकला आहे, असाच बहुतेकांचा समज असतो. तो खेळ होता आणि खेळ असल्यामुळेच संचातले प्रत्येक पान मोलाचे आहे. जुने पत्ते जमवण्याचा छंद वाढत असताना नेमका हाच मुद्दा मागे पडतो.

गंजिफा म्हणजे नेमके काय?

रोजच्या पत्त्यांच्या कॅटमध्ये चार रंग आणि 52 पाने असतात. गंजिफात रंग आठ, दहा, बारा किंवा त्याहूनही अधिक असतात. प्रत्येक रंगात 12 पाने. त्यांतली दोन चित्रांची, म्हणजे राजा आणि प्रधान. उरलेली दहा एक्क्यापासून दश्शीपर्यंत. राणी नाही, जोकर नाही. पाने बहुतेक ठिकाणी गोल. काही जागी चौकोनीही आढळतात.

मुघल पद्धतीच्या संचात आठ रंग आणि 96 पाने असत. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश ही त्या रंगांची नावे. मुकुट, चांदीचे नाणे, तलवार, सेवक, वाद्य, सोन्याचे नाणे, दस्तऐवज आणि व्यापारी माल असा त्यांचा अर्थ. थोडक्यात, एका दरबाराचा कारभारच पानांवर मांडलेला.

हा खेळ भारतात कधी आला?

गंजिफा हा शब्द फारसीतून आला. भारतातील त्याचा सर्वांत जुना ठळक उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात, 1527 सालच्या नोंदीत आहे. सिंधमधील शाह हसन याला या खेळाची आवड होती आणि त्याने पत्ते मागितले होते. म्हणून बाबराने ते त्याच्याकडे पाठवले. पुढे अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त 12 रंगांच्या, 144 पानांच्या संचाचे वर्णन केले. त्यातील रंगांची नावे अश्वपती, गजपती, नरपती अशी आहेत. अकबराने या खेळात स्वतः केलेले बदलही त्याने नोंदवले आहेत.

दरबारातला हा खेळ हळूहळू बाजारात उतरला. पत्त्यांचेही दोन दर्जे झाले. श्रीमंतांसाठी नक्षीदार किनारीचे, कधी हस्तिदंतावर किंवा कासवाच्या पाठीवर रंगवलेले ‘दरबार कलम’ आणि सामान्यांसाठी कापडावर वा कागदावर केलेले साधे ‘बाजार कलम’.

दशावतारी संच वेगळा कसा?

खेळ स्थानिक मातीत रुजला तेव्हा रंगांची नावे बदलली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की असे दहा अवतार हेच दहा रंग झाले. दहा गुणिले बारा, म्हणून 120 पाने. ज्या तळकोकणात दशावतारी नाटके रात्र-रात्र रंगतात, तिथे हा संच रुजला यात नवल नाही.

राजाच्या पानावर तो अवतार स्वतः असतो. इतर पानांवर त्याची खूण. मत्स्यासाठी मासा, कूर्मासाठी कासव, परशुरामासाठी परशू. मात्र सर्वच खुणा सगळीकडे सारख्या नाहीत. शंख किंवा चक्र एका प्रांतात एका अवताराचे, तर दुसऱ्या प्रांतात दुसऱ्याचे. आठव्या जागी कुठे कृष्ण, तर कुठे बलराम. नवव्या जागी ओडिशात जगन्नाथ दिसतो. महाराष्ट्रात तर दशावताराच्या जुन्या चित्रांत या जागी विठोबाही येतो. त्यामुळे नववा राजा पाहिला, की संच कोणत्या प्रदेशातला असावा याचा पहिला अंदाज येतो.

डाव कसा खेळला जाई?

सर्वसाधारणपणे भिडू तीन. भागीदारी नाही, प्रत्येकजण स्वतःसाठी खेळतो. 120 पाने वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला 40 येतात. एवढी पाने हातात धरणे हेच नवशिक्याला जड जाते. आजच्या खेळांतल्यासारखा हुकमाचा रंग नसतो. उतारी झाली की वरचे पान टाकणारा हात करतो.

गंमत पुढे आहे. राजा आणि प्रधान सगळ्या रंगांत सर्वांत वरचे. मात्र निम्म्या रंगांत त्यानंतर दश्शी, नश्शी असा उतरता क्रम लागतो, तर उरलेल्या निम्म्या रंगांत क्रम उलटतो. तिथे प्रधानानंतर एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. एका रंगातला एक्का बलवान, तर दुसऱ्या रंगातला दुबळा.

सुरुवात कोणी करायची, हे वेळेवर ठरते. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री मांडला तर ज्याच्याकडे कृष्ण त्याची. मुघल संचात हाच मान दिवसा सुर्खच्या आणि रात्री सफेदच्या राजाला.

या खेळात खरा कस स्मरणशक्तीचा लागतो. आपल्या हातातले पान त्या रंगातले शिल्लक राहिलेल्यांपैकी सर्वांत वरचे आहे का, हे ठरवायला आधी कोणती पाने पडली ते आठवावे लागते. दहा रंगांतले हे सगळे डोक्यात ठेवणारा भिडू पट्टीचा समजला जाई.

मग हा खेळ मागे का पडला?

मुख्य कारण किंमत आणि सोय. गंजिफाचे प्रत्येक पान हाताने तयार होते. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे किंवा कागदाचे थर चिकटवायचे, वाळवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि वर लाखेचा थर द्यायचा. हे 120 वेळा. याउलट 1831 मध्ये लंडनच्या थॉमस डी ला रू यांनी पत्ते छापण्याच्या तंत्राचे पेटंट घेतले आणि छापील पत्त्यांचे उत्पादन वेगाने वाढले. 52 पानांचा हलका, स्वस्त कॅट भारतातही घरोघरी पोहोचला. चार रंग लक्षात ठेवायला सोपे आणि पान हरवले तर नवा कॅट घेता येतो.

दुसरे कारण आश्रय. चांगले संच संस्थानिक आणि सरदार घराणी करून घेत. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि ही मागणी आटली. मागणी नाही म्हणून कारागिराच्या मुलाने हात आखडला. नवे संच नाहीत म्हणून खेळणारेही कमी झाले.

सावंतवाडीत तो कसा वाचला?

सावंतवाडीच्या चितारी कारागिरांकडे लाखकामाची जुनी परंपरा आहे. तिथली चितारआळी आजही लाकडी खेळण्यांसाठी ओळखली जाते. मात्र 1970च्या सुमारास गंजिफा करण्याची कला जाणणारे वयोवृद्ध पुंडलिक चितारी जवळपास एकटेच उरले होते.

त्यानंतर राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुढाकार घेतला. 1971 मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ची सुरुवात झाली आणि राजवाड्यातच कारागीर बसवून तरुणांना काम शिकवले गेले. सत्त्वशीलादेवी स्वतः चित्रकार होत्या. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. मोती तलावासमोरच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर आजही पाहायला मिळतात. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

यात एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. कला वाचली ती शेवटच्या कारागिराचा हात थांबण्याआधी ती दुसऱ्या हातांत गेली म्हणून. केवळ कपाटातले जुने संच पाहून खळ किती घट्ट करायची आणि लाख कधी लावायची हे कळले नसते.

इतर राज्यांत काय स्थिती आहे?

पश्चिम बंगालमधील बिष्णुपूरमध्ये मल्ल राजांच्या काळापासून ‘दशावतार तास’ बनतात आणि फौजदार कुटुंबाने ते काम टिकवले आहे. ओडिशात या पत्त्यांना ‘गंजप्पा’ म्हणतात. रघुराजपूरसारख्या चित्रकारांच्या गावात ते तयार होतात. तिथे रामायणावर आधारित संचही आहेत. ओडिशाच्या काही भागांत जुन्या पिढीतले लोक ते खेळतही आले आहेत.

म्हैसूरची तऱ्हा निराळी. तिसरे कृष्णराज वडियार (1794-1868) यांना या खेळाचे इतके वेड होते, की त्यांनी ‘छद’ नावाचे नवे प्रकार रचले. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात अशा 13 खेळांचे वर्णन आहे. त्यातला सर्वांत मोठा संच 360 पानांचा. म्हैसूरच्या गंजिफांनाही भौगोलिक मानांकन आहे.

संग्राहकांनी या खेळासाठी काय केले?

या बाबतीत एक नाव मुंबईशी जोडलेले आहे, रुडॉल्फ फॉन लायडन (1908-1983). बर्लिनमध्ये जन्मलेले लायडन 1933 मध्ये मुंबईत आले. व्यंगचित्रकार आणि कलासमीक्षक म्हणून ते ओळखले गेले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांपैकी ते एक. याच लायडन यांनी गंजिफा जमवल्या, त्यांचे प्रदेशवार वर्गीकरण केले आणि खेळाचे नियम व पानांच्या खुणा यांची सांगड घातली. म्हैसूरच्या छदवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील गंजिफांची त्यांची सूची 1982 मध्ये प्रसिद्ध झाली.

1972 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्लेइंग-कार्ड सोसायटीमुळे अशा अभ्यासकांना आणि संग्राहकांना व्यासपीठ मिळाले. पत्त्यांच्या इतिहासातले बरेच काही विद्यापीठांच्या बाहेर, अशा छंदिष्टांनी शोधून काढले आहे.

सुटी पाने विकण्या-विकत घेण्यात अडचण काय?

सध्या सर्वांत मोठा धोका इथेच आहे. राजाचे पान देखणे असते. त्यावर नरसिंह किंवा राम असतो. ते भिंतीवर शोभते आणि सुटे विकले जाते. पंजी किंवा सत्तीचे पान कोणाला नको असते. विक्रेत्याच्या हिशेबाने दहा राजे आणि दहा प्रधान वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकणे सोयीचे ठरते.

पण संच फुटला की तीन गोष्टी एकदम जातात. पहिली, तो पुन्हा कधीही खेळता येत नाही. छापील कॅटमधले हरवलेले पान दुसऱ्या कॅटमधून घेता येते. हाताने रंगवलेल्या 120 पानांना जुळे नसते. दुसरी, माहिती. कोणत्या अवताराची खूण कोणती, हे सलग बारा पाने समोर ठेवल्यावरच कळते. एकट्या शंखाच्या पानावरून ते वराहाचे की बुद्धाचे, हे सांगता येत नाही. तिसरी, संचाचा ठावठिकाणा. पेटी, तिच्यावरची चित्रे, मालकाच्या नावाची चिठ्ठी, सोबतचा हिशेबाचा कागद हे सगळे पानांपासून तुटते.

म्हणूनच एखाद-दुसरे पान कमी असलेला, पण पेटीसह एकत्र राहिलेला साधा ‘बाजार कलम’ संच अभ्यासाच्या दृष्टीने दहा सुट्या सुंदर राजांपेक्षा अधिक सांगतो. अपुरा संच निरुपयोगी नसतो. तो फोडला की मात्र निरुपयोगी होतो.

जुना संच ओळखायचा कसा?

आधी मोजणी. पाने रंगवार लावायची आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा आहेत का ते पाहायचे. रंग आठ असतील तर मुघल पद्धत, दहा असतील तर बहुधा दशावतारी.

मग झीज. खेळून खेळून पानांच्या कडा घासलेल्या असतात. जिथे अंगठा टेकतो तिथला रंग उडतो. ही झीज संचातल्या सर्व पानांवर कमी-अधिक सारखी हवी. काही पाने इतरांपेक्षा ताजी दिसली तर ती नंतर भरलेली असू शकतात. पूर्वी पान हरवले की चिताऱ्याकडून तसेच दुसरे करून घेत. असे भरतीचे पान म्हणजे फसवणूक नव्हे. संच वापरात होता, याचा तो पुरावाच असतो.

पाठीमागची बाजूही पाहावी. सर्व पानांच्या पाठी एकसारख्या रंगाच्या असायला हव्यात, नाहीतर समोरच्या भिडूला पान ओळखता आले असते. हाताने काढलेल्या रेषा दोन पानांवर तंतोतंत सारख्या नसतात. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले, तर ते पान रंगवलेले नाही.

कायदा काय सांगतो?

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू व कलानिधी कायदा, 1972 अन्वये ‘पुरावस्तू’ ठरते. ती देशाबाहेर पाठवण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. काही वर्गांतील पुरावस्तूंची नोंदणीही बंधनकारक आहे. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाला आजोबांचा संच भेट म्हणून पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करणे शहाणपणाचे.

हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीची पाने असतील तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू होतो. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. वस्तू कितीही जुनी असली तरी ती बाजारात विकता येत नाही. घरात वारशाने आलेली असेल तर वन विभागाकडून मालकीबाबतचे नियम समजून घ्यावेत. ऑनलाइन कोणी ‘अँटिक हस्तिदंती गंजिफा’ विकत असेल, तर घेणाराही अडचणीत येऊ शकतो.

घरात पेटी सापडली तर काय करावे?

ओल्या फडक्याने पुसू नये. जुने रंग पाण्याने सुटतात. लाख उष्णतेने मऊ होते, त्यामुळे उन्हात वाळवणे टाळावे. लॅमिनेशन, सेलोटेप आणि रबर बँड तिन्ही वर्ज्य. कोकणातल्या दमट हवेत पानांना बुरशी आणि कसर लागते. आम्लविरहित कागदात पाने सुटी गुंडाळून, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून कोरड्या जागी ठेवावीत. मूळ पेटी टाकू नये.

मोबाइलवर प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा आणि पाने रंगवार क्रमाने नोंदवावीत. पुढे एखादे पान गहाळ झाले किंवा वाटणीत संच विभागला गेला, तर निदान पूर्ण नोंद राहील.

पण सगळ्यांत तातडीचे काम वेगळे आहे. घरात किंवा शेजारी हा खेळ पाहिलेली, खेळलेली वयस्कर व्यक्ती असेल तर तिच्याशी बोलून ते रेकॉर्ड करून ठेवावे. कोणत्या रंगांत क्रम उलटायचा, पहिली उतारी कोणाची, हात कसे मोजायचे, हरलेल्याने पुढच्या डावात काय द्यायचे, एखाद्या पानाला घरात काय म्हणत. हे नियम गावागणिक बदलतात आणि फार थोड्या ठिकाणी लिहिलेले आहेत.

खेळून पाहायचे तर जुना संच बाहेर काढू नये. सावंतवाडीचा नवा संच घ्यावा. त्यातून कारागिराला काम मिळते. आणि फ्रेमसाठी एकच पान न घेता पूर्ण संच घेतला, तर तीन भिडू बसवून संध्याकाळी डाव मांडता येतो. फक्त उतारी रामाची की कृष्णाची, हे बाहेर अंधार पडला आहे का ते पाहून ठरवायचे.